बेस गिटार शिकणाऱ्यांनो, आता पुढे काय?
(गायनमंडळासाठी अभ्यासपाठ)



दोन रविवारांपूर्वीची गोष्ट. मिस्सा संपली, सगळे घरी गेले, तरी आपल्या गायनमंडळातला एक तरुण वायर गुंडाळत रेंगाळला होता. नाव सांगत नाही; तुम्ही ओळखालच. दीड वर्षापूर्वी त्याने एक जुनी बेस गिटार विकत घेतली, मोबाईलवर बघून बघून शिकला आणि आता दर रविवारी खांबाशी उभा राहून वाजवतो. मला म्हणाला, "फादर, बेस सोडावी म्हणतोय. माझं काय पुढं सरकंना झालंय. सात-आठ गाणी येत्यात, तीच वाजवतोय. मी असलो काय नि नसलो काय, कुणाला कळत बी न्हाई."

थोडे बोलल्यावर खरे कारण बाहेर आले. आदल्या रविवारी गायनमंडळातल्या एका आजींनी त्याला प्रेमानेच सांगितले होते, "बाळा, तू वाजवायला लागलास की माझा ताल चुकतोय बघ." ते त्याच्या मनाला लागले होते.

मी त्याला म्हटले, "सोडायची की नाही ते सहा आठवड्यांनी ठरव. तोवर मी सांगतो तेवढेच कर." पुढच्या शुक्रवारी सरावाच्या वेळी मी मागच्या बाकावर बसून फक्त त्याचीच गिटार ऐकली. आजींचे म्हणणे खरे होते. पण चूक हुशारीच्या कमतरतेची नव्हती. पहिल्या वर्षानंतर कशाचा सराव करायचा हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. हीच अडचण अनेकांची असते, म्हणून त्याच्यासाठी लिहिलेले टिपण इथे सर्वांसाठी देत आहे. ज्यांच्या घरात रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून एकच "ढुम ढुम" ऐकू येते, त्या आईवडिलांनीही हे वाचावे.

१. हे वाद्य आहे तरी काय?

बेस गिटारला साधारणपणे चार तारा असतात. जाडीकडून बारीककडे त्यांची नावे ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या वरच्या चार जाड तारांचे जे स्वर, तेच हे. फक्त एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आपल्या कानाची खालची मर्यादा सुमारे २० कंपनांची. म्हणजे हा स्वर कानाच्या उंबरठ्याजवळचा आहे. म्हणूनच तो कानाइतकाच छातीत आणि पायाखालच्या फरशीत जाणवतो.

पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंच डबल बेसकडे होते. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल अशी, फ्रेट असलेली विजेवरची बेस बाजारात आणली. तिचे नाव त्यांनी 'प्रिसिजन' ठेवले, कारण फ्रेटमुळे स्वर नेमका लागत होता.

आपल्या भागाला ही कल्पना परकी नाही. इथून जवळच मिरजेला तंबोरे बनतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्यालाही चारच तारा असतात, आणि शेवटची खरजाची तार बंद केली तर गायकाला पायाखालची जमीन सरकल्यासारखे होते. हलगीच्या ताफ्यात लोकांचे लक्ष हलगीवर असते, पण खालून घुमकं थांबलं की हलगी पोरकी वाटते. बेसचे काम तेच आहे. "मी असलो काय नि नसलो काय" या प्रश्नाचे उत्तर त्यात आले.

२. सवय चांगलीही लागते, वाईटही

तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलचा एक विचार माझ्या मनात रुतून बसला. तो म्हणतो त्याचा भावार्थ असा, की वीणा वाजवूनच माणूस चांगला वादक होतो आणि वीणा वाजवूनच वाईट वादकही होतो. नुसता सराव माणसाला घडवत नाही. जसा सराव, तसा माणूस.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. सेमिनरीत असताना मी बेस वाजवत असे. खोलीत एकटा सराव करताना सोपा भाग भरभर आणि अवघड भाग हळू वाजवायचो. वर्षभरात गाणे तोंडपाठ झाले, पण त्याबरोबर अवघड जागी मंद होण्याची सवयही तोंडपाठ झाली. सणाच्या मिस्साला ड्रमवाला पुढे गेला, मी त्या जागी मागे राहिलो आणि चाळीस जणांचे गायनमंडळ मधोमध दुभंगले. अर्धे त्याच्याबरोबर, अर्धे माझ्याबरोबर. मी चुकीचा स्वर एकही वाजवला नव्हता. चूक फक्त वेळेची होती.

आपल्या पेठेत तालमींचे महत्त्व कुणाला सांगायला नको. तालमीत आलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. जोर-बैठका काढायला लावतात, आणि त्याही मोजून, शिस्तीत. खासबागेच्या मैदानात प्रेक्षकांना दिसतो तो डाव. त्यामागच्या हजारो बैठका दिसत नाहीत. बेसवाल्यानेही आता दहा नवी गाणी शिकण्यापेक्षा पुढच्या बैठका काढाव्यात.

३. कशाचा सराव करावा?

(अ) लय. मोबाईलवर मेट्रोनोम फुकट मिळतो. मिनिटाला ६० ठोके लावा आणि एकच स्वर, ठोक्याला एक, पाच मिनिटे वाजवा. कंटाळा येईल, येऊ द्या. तुमचा स्वर नेमका ठोक्यावर पडला की टिक-टिक जणू ऐकू येईनाशी होते, कारण ती तुमच्या स्वराखाली झाकली जाते. हीच खूण. टिक आधी आणि स्वर नंतर ऐकू आला, तर तुम्ही मागे आहात. उलट झाले, तर घाईत आहात. त्यानंतर वेग ४० वर आणा. वेगापेक्षा संथपणा अवघड असतो, कारण दोन ठोक्यांमधली मोठी जागा मनातच मोजावी लागते.

हे जमले की पुढची पायरी. समजा गाणे मिनिटाला ८० मात्रांचे आहे. मेट्रोनोम ४० वर ठेवा आणि त्याची टिक पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर न धरता दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरा. पहिली मात्रा आता तुम्हालाच निर्माण करावी लागेल. पहिले दोन-तीन दिवस गोंधळ होईल, मग एकदम बसेल.

आठवड्यातून एकदा मोबाईलवर स्वतःचे वाजवणे रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना आपण जे वाजवायचे असते ते ऐकतो. रेकॉर्डिंगमध्ये जे वाजवले ते ऐकू येते.

(आ) स्वर थांबवणे. आपल्या तरुणाची खरी अडचण इथे होती. तो स्वर योग्य वेळी सुरू करत होता, पण थांबवत नव्हता. आधीचा स्वर घुमत असतानाच नवा येई, शिवाय न वाजवलेल्या ताराही हलून गुणगुणत. चर्चच्या उंच भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. त्यात खालचे स्वर जास्त वेळ रेंगाळतात. मग मात्रा कुठे सुरू झाली हेच गाणाऱ्याला कळत नाही. आजींचा ताल चुकत होता तो यामुळे.

उपाय सोपा आहे. डाव्या हाताचे बोट तारेवरून पूर्ण न उचलता फक्त दाब सोडा. तार लगेच गप्प होते. उजव्या हाताचा अंगठा वाजणाऱ्या तारेच्या वरच्या जाड तारेवर टेकवून ठेवा. व्यायाम असा: चार मात्रांपैकी एक मात्रा स्वर, तीन मात्रा शांतता. मग दोन-दोन. मग तीन स्वर, एक शांतता. शांततेतही पाय ताल धरून असू दे. विराम हासुद्धा संगीताचाच भाग आहे. जुन्या काळी संत ऑगस्टीन यांनी संगीतावर जो ग्रंथ लिहिला, त्याचे सहा भाग मुख्यतः लय आणि मात्रांचे माप यावरच आहेत. सुरांच्या गोडव्याआधी त्यांनी मोजमाप घेतले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

(इ) बोटे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने वापरा. दोघांचा आवाज सारखा आला पाहिजे. सहसा मधले बोट जोरात पडते. डाव्या हाताने पहिल्या पाच फ्रेटमध्ये प्रत्येक फ्रेटला एक बोट असा हट्ट धरू नका, कारण तिथली अंतरे मोठी असतात. तर्जनी, मधले आणि करंगळी (अनामिका तिच्या मदतीला) अशा तीन फ्रेटच्या मांडणीत हात ठेवा. ही रीत डबल बेसवाल्यांची आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात शिकवणाऱ्या फ्रांट्स सिमांडल यांच्या पद्धतीमुळे ती सर्वत्र गेली. वरच्या फ्रेटमध्ये मात्र चार बोटे चार फ्रेटना पुरतात. बोटांची टोके थोडी हुळहुळली तर चालेल, पण मनगट दुखले तर त्या दिवशी थांबा. पट्टा एवढा ठेवा की बसल्यावर आणि उभे राहिल्यावर गिटार एकाच उंचीवर राहील.

(ई) पट्टी ओळखणे. आपल्याकडे पेटीवाले "काळी एक", "पांढरी चार" अशा भाषेत बोलतात, आणि मोबाईलवरचे धडे "सी शार्प", "एफ" या भाषेत. बेसवाल्याला दोन्ही आल्या पाहिजेत. हे कोष्टक वहीत उतरवून घ्या.

पांढरी ३ : ई तार मोकळी
पांढरी ४ : ई तार, १ ला फ्रेट
काळी ३ : ई तार, २ रा फ्रेट
पांढरी ५ : ई तार, ३ रा फ्रेट
काळी ४ : ई तार, ४ था फ्रेट
पांढरी ६ : ए तार मोकळी
काळी ५ : ए तार, १ ला फ्रेट
पांढरी ७ : ए तार, २ रा फ्रेट
पांढरी १ : ए तार, ३ रा फ्रेट
काळी १ : ए तार, ४ था फ्रेट
पांढरी २ : डी तार मोकळी
काळी २ : डी तार, १ ला फ्रेट

बाराही स्वर पहिल्या चार फ्रेटमध्येच मिळाले. घरी खेळ करा: बहिणीने किंवा भावाने "काळी चार!" म्हणून ओरडायचे आणि तुम्ही दोन मात्रांच्या आत तो स्वर वाजवायचा. आठवड्याभरात कोष्टकाची गरज उरणार नाही.

याचा उपयोग काय? रविवारी गाणाऱ्याचा घसा बसलेला असतो, पेटीवाले आयत्या वेळी काळी दोनवरून पांढरी एकवर येतात. ज्याने गाणे फक्त फ्रेटच्या आकड्यांनी पाठ केले आहे, तो तिथे अडतो.

(उ) सा, प, सां आणि मग ग. वर्षभर तुम्ही प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर वाजवलात. आता त्याचे नातेवाईक ओळखा. मूळ स्वराला सा धरा. त्याच्या पुढच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे गेलात की पंचम. आणखी एक तार पुढे, त्याच फ्रेटवर, वरचा सा. या आकारात मोकळी तार वापरली नाही, तर तोच आकार कुठेही सरकवता येतो. पट्टी बदलली तरी हात तसाच, फक्त जागा वेगळी.

त्यानंतर गंधार. मेजर कॉर्ड असेल तर शुद्ध ग: पुढच्या तारेवर एक फ्रेट मागे. मायनर असेल तर कोमल ग: त्याच तारेवर तीन फ्रेट पुढे. प्रत्येक नव्या गाण्यात आधी फक्त सा वाजवा, मग सा आणि प, आणि गरज वाटली तरच ग. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना शेवटच्या मात्रेला पुढच्या मूळ स्वराच्या एक फ्रेट खालचा किंवा वरचा स्वर घेतला, तर कान आपोआप पुढे ओढला जातो. पण ही फोडणी आहे. ती मिठाएवढीच पडावी.

(ऊ) तबल्याच्या डग्ग्याशी मैत्री. आपल्या मराठी मिस्सामध्ये बहुतेक गाणी केरवा किंवा दादऱ्यात असतात. केरव्याच्या आठ मात्रांत पहिली सम आणि पाचवी खाली. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिली सम आणि चौथी खाली. समेवर सा आणि खालीवर प, एवढेच वाजवून पूर्ण गाणे काढा. ऐकायला फार साधे वाटेल, पण गाणाऱ्या माणसाला उभे राहायला एवढी जमीन पुरते. सरावाला तबलेवाल्यांच्या डाव्या हाताकडे बघत उभे राहा. बेस आणि डग्गा एकत्र पडले की दोन वाद्ये आहेत असे वाटतच नाही.

(ए) आधी गा, मग वाजवा. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना संगीत शिकवत. तिथे स्वरलेखन वाचून तोंडाने गाण्यावर, म्हणजे सोल्फेजवर, भर असे. त्याच मातीतले वादक पुढे मुंबईत गेले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. तुम्हीही बेसचा भाग आधी तोंडाने गा. जे गाता येत नाही ते बोटांत येणार नाही. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. ती जुनी गाणी हेडफोन लावून ऐका आणि फक्त खालची रेघ गुणगुणा.

४. रोजची तीस मिनिटे

पाच मिनिटे: मेट्रोनोमबरोबर एकच स्वर.
पाच मिनिटे: स्वर आणि शांतता.
पाच मिनिटे: स्वर शोधण्याचा खेळ.
पाच मिनिटे: सा-प-सां वेगवेगळ्या पट्ट्यांत, मोकळी तार न वापरता.
दहा मिनिटे: येत्या रविवारचे एक गाणे; अवघड जागा जितक्या संथपणे बिनचूक येईल त्या वेगाने, आणि सोपी जागाही त्याच वेगाने.

रविवारी तीन तास वाजवण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. लाईट गेली तरी सराव थांबत नाही; अॅम्पशिवाय बोटांचे काम उलट जास्त स्पष्ट ऐकू येते. एक व्यवहाराची सूचना: बेस कीबोर्डच्या लहान स्पीकरला मोठ्या आवाजात जोडू नका, स्पीकर फाटतो. अॅम्प भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला की खालचा आवाज फुगतो, तेव्हा तो थोडा पुढे ओढा.

५. कशाची घाई करू नये?

सध्या मोबाईलवर बोटांची कसरत फार दिसते. अंगठ्याने तार आपटून वाजवायच्या पद्धतीला स्लॅप म्हणतात. ती वाईट नाही, पण ती कशी जन्मली ते बघा. अमेरिकेतले लॅरी ग्रॅहम आपल्या आईबरोबर कार्यक्रम करत. एक वेळ आली की त्यांच्याकडे ड्रमवाला नव्हता. ड्रमची उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी तार आपटायला आणि खेचायला सुरुवात केली. म्हणजे आईच्या गाण्याला आधार हवा होता, त्यातून ही पद्धत निघाली. आधार हा हेतू, कसरत हे फळ.

दुसरे उदाहरण जेम्स जेमर्सन यांचे (१९३६-१९८३). डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांत त्यांची बेस आहे, आणि उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने ते वाजवत. अनेक वर्षे तबकड्यांच्या वेष्टणांवर त्यांचे नाव छापले जात नव्हते. १९७१ साली मार्विन गे यांच्या एका तबकडीवर ते आले. तोवर जगभर लोक त्यांच्या स्वरांवर नाचत होते आणि वाजवणारा कोण हे कुणाला ठाऊक नव्हते. नाव छापले जावे ही इच्छा माणसाला असतेच, आणि ती पाप नाही. पण नाव नसतानाही त्यांनी स्वर ढिला पडू दिला नाही.

६. गायनमंडळाला आणि पालकांना विनंती

१९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या घटनेत पाइप ऑर्गनला मान दिला आणि इतर वाद्यांनाही वाट मोकळी ठेवली. मात्र ती पवित्र कार्याला साजेशी असावीत आणि भाविकांना उपकारक ठरावीत असे सांगितले. ही कसोटी बेसला लावायची तर प्रश्न एकच: ती वाजताना मागच्या बाकावरची माणसे जास्त गातात की गप्प होतात?

म्हणून गायनमंडळाने बेसवाल्याला सरावाच्या शेवटी न बोलावता सुरुवातीपासून बोलवावे. पट्टी आधी सांगावी. आणि चुकले तर आजींसारखे तोंडावर सांगावे. पाठीमागे बोलण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पालकांनो, ती अर्ध्या तासाची "ढुम ढुम" सहन करा. घरात एखादे मूल शांततासुद्धा मोजून वाजवायला शिकत आहे, ही लहान गोष्ट नाही.

आपल्या तरुणाचा आज दुसरा आठवडा संपला. फार मोठा बदल झाला असे मी म्हणणार नाही. दादऱ्यात तो अजून घाई करतो. पण गेल्या शुक्रवारी त्याने स्वर वेळेवर थांबवले, आणि आजींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. बोलल्या काही नाहीत. त्याला वाटले, पुन्हा काहीतरी चुकले. मी त्याला सांगितले, "अरे, त्या आज पहिल्यांदा पुस्तकातून मान वर काढून गात होत्या." अजून चार आठवडे आहेत. मग तो ठरवील.

विचारासाठी प्रश्न:
१. माझ्या सरावात मी कोणती चूक रोज पक्की करत आहे?
२. मी वाजवतो किंवा गातो तेव्हा शेजारच्याचा आवाज मला ऐकू येतो का?
३. ज्यांचे काम दिसत नाही, अशा आपल्यातल्या कोणाचे या आठवड्यात मी आभार मानले?

शिकणाऱ्यांनी येत्या शुक्रवारी सरावाच्या अर्धा तास आधी वही आणि मेट्रोनोम घेऊन यावे. गिटार नसली तरी चालेल. टाळ्यांनी सुरुवात करू.

आपला,
धर्मगुरू